पंगतीचा नकाशा

साळवे सर डबा सगळ्यांत शेवटी उघडायचे.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात दुपारी एकला मधली सुट्टी व्हायची. माजलगावात उन्हाळा असो की हिवाळा, एकच्या ठोक्याला भूक कडकडून लागते. शिक्षकांच्या खोलीत लांब टेबलाभोवती आम्ही आठ-दहा जण बसायचो, डब्यांची झाकणं निघायची, ठेच्याचा वास सुटायचा आणि साळवे सर आपला बंद डबा पुढ्यात ठेवून वर्तमानपत्र वाचत बसायचे. सगळ्यांना पाणी देऊन, टेबल पुसून सीताबाई शिपाई कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकायच्या आणि फडक्यातली भाकरी सोडायच्या. मग सर वर्तमानपत्राची घडी घालायचे आणि म्हणायचे, "झालं का सीताबाई? चला मंग." तोवर आमच्यातले निम्मे लोक हात धुऊन आलेले असायचे.

मी त्या कॉलेजची ग्रंथपाल. माणसांबद्दल पटकन मत बनवायची मला खोड आहे आणि ते बदलायला मी फार वेळ लावते. मी ठरवून टाकलं, हे नाटक आहे. कुणी म्हणायचं सरांना पित्ताचा त्रास आहे, कुणी म्हणायचं आपल्याला खिजवायला करतात. एकदा न राहवून मी विचारलंच, "सर, रोज रोज एवढी कसली शिक्षा करून घेता?"

"सवय हाय, बाई," ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

सर समाजशास्त्र शिकवायचे. ठेंगणे, सावळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाशेजारी खडू, त्यामुळे खिशाला कायम एक भुरकट डाग. सायन्सला नंबर लागला नाही आणि कॉमर्स झेपणार नाही अशी मुलं त्यांच्या वर्गात यायची; सोपा विषय, पाठ केलं की झालं, असं समजून. आठवडाभरात त्यांचे डोळे पांढरे व्हायचे. कारण सरांचा एकच प्रश्न असायचा, "कावून?" म्हणजे 'का?'. सणाला हेच कावून, लग्नात तेच कावून, पोराला सायकल आन् पोरीला कळशी कावून. मुलं त्यांना मागून 'कावून सर'च म्हणायची, आणि ते त्यांना माहीत होतं.

एका उत्तराची मात्र त्यांना चीड होती. "सर, आपल्यात आसंच आसतंय" असं कुणी म्हणालं की खडू खाली ठेवायचे, टेबलाच्या कडेला बसायचे आणि म्हणायचे, "हे उत्तर न्हाई बे, हे कुलूप हाय." हा नियम त्यांना स्वतःलाही लागू होता. एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, तुमी रोज चपला दाराच्या डाव्या अंगालाच कावून काढता?" सर बराच वेळ विचार करत राहिले. शेवटी म्हणाले, "माझा बाप काढायचा. दुसरं काही कारण न्हाई." आणि हरल्याबद्दल अख्ख्या वर्गाला चहा पाजला.

दरवर्षी पहिल्या चाचणीच्या आधी ते वर्गाला एक घरचा अभ्यास द्यायचे. वाचनालय त्यांच्या वर्गाला लागूनच होतं, मधलं दार उघडं असायचं, त्यामुळे मला तो पाठ झाला होता.

"आज सांजच्याला घरी सगळे जेवायला बसले की कोण कुठं बसलं, कोण आधी उठलं, गरम भाकरी कुणाच्या ताटात पडली आन् शेवटची कुणाला आली, तेवढं कागदावर काढायचं. चित्र वाईट आलं तरी चालतंय. घरात कुणाला काही बोलायचं न्हाई. भांडायचं तर अजिबात न्हाई."

याला ते पंगतीचा नकाशा म्हणायचे. दुसऱ्या दिवशी कागद गोळा व्हायचे. गोल गोल ताटं, त्यापुढं नावं: आजोबा, बाबा, काका, दादा, मी, बारकी. सर एकेक कागद वर धरायचे. "चांगलं काढलंय. पण यात एक माणूस कमी हाय. वाढलं कुणी?"

मी त्या कॉलेजात रुजू झाले त्या वर्षी धरणाकडच्या एका गावचा एक दांडगा मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, आई जेवताना म्या कधी बघितलीच न्हाई." मुलं हसली नाहीत. सर खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

त्या संध्याकाळी मी घरी ओट्यापाशी उभी होते. सासऱ्यांना वाढलं, यांना वाढलं, मुलांना वाढलं आणि मग वरणाच्या पातेल्यातच भात कालवून घेतला. हातातला घास हातातच राहिला. मी शिकलेली, पगार आणणारी बाई. शेवटी जेव असं मला माझ्या आईनं, सासूनं, नवऱ्यानं, कुणीही कधी म्हटलेलं नव्हतं. मीच आपल्या पायांनी जाऊन तिथं उभी राहिले होते. मला स्वतःचा फार राग आला, आणि खरं सांगते, थोडा साळवे सरांचाही आला.

राग येणारी मी एकटी नव्हते. एका वर्षी एका मुलीचे वडील फटफटीवरून तडक कॉलेजात आले. उंच, पिळदार मिशा, आवाज वरच्या मजल्यापर्यंत. "पोरीला शिकाया धाडलंय का घरच्या जेवणाचा पंचनामा कराया? कुठं हाय तो मास्तर?"

सर बाहेर आले, त्यांना खुर्ची दिली, सीताबाईंना पाणी आणायला सांगितलं. मग अगदी हळू विचारलं, "पाव्हणं, तुमची माय कवा जेवायची?"

"म्हंजी?"

"तुमी ल्हान असताना. कवा जेवायची? काय खायची? तिला आवडायचं काय?"

त्या माणसानं ग्लासातलं पाणी संपवलं. "मला ठावं न्हाई, सर," तो म्हणाला, "ती गेली आता." नंतर चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. जाताना दारात थांबून म्हणाला, "काढू द्या पोरीला नकाशा."

परीक्षा संपली की सर ते सगळे कागद लाल फडक्यात बांधून माझ्याकडे आणून द्यायचे. "बाई, हा बस्ता कपाटात ठेवा. उंदरांपासून जपा." असे पंचवीसएक बस्ते माझ्या कपाटात साठले. एकदा रिकाम्या दुपारी मी ते ओळीनं सोडून बघितले आणि बघतच राहिले. सुरुवातीच्या कागदांवर आई नव्हतीच. मग कुठं कुठं चुलीपाशी एक ठिपका दिसू लागला, त्याच्यापुढं ताट नसलेला. मग चुलीच्या जागी गॅसची टाकी आली. पंगतीच्या मधोमध टीव्ही आला आणि सगळी ताटं एका बाजूला सरकली. काही घरांत आई पंगतीत आली. आणि शेवटच्या वर्षांत पंगतच विस्कटली: दादा मोबाईल घेऊन पलंगावर, बाबा अजून आले नाहीत, मी क्लासवरून आल्यावर. मी सरांना विचारलं, हे बरं म्हणायचं की वाईट? त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता शेवटी कुणीच न्हाई बाई, कारण सोबत कुणीच न्हाई. याचं उत्तर मला सापडलेलं न्हाई." स्वतःला कळलं नाही ते कळलं नाही म्हणणारा शिक्षक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. माझं मत बदलायला तिथून सुरुवात झाली.

त्याच दुपारी त्यांनी मला आईची गोष्ट सांगितली. सर मूळचे युसूफ वडगावचे. नोकरी लागल्यावर त्यांनी आईला, म्हणजे त्यांच्या मायला, माजलगावला आणलं; वडील थोरल्या भावाकडे गावीच राहिले.

"नोकरी नवी, डोक्यात पुस्तकं नवी. पहिल्याच दिवशी म्या जाहीर केलं, या घरात सगळ्यांच्या आधी माय जेवणार. गरम गरम. मंग बाकीचे. बायको वाढायची आन् मी पुढ्यात उभा ऱ्हायचो, ती खाती का न्हाई बघायला. माय खाली मान घालून अर्धी भाकर खायची आन् उठायची. पंधरा दिवसांत अंगावरची चोळी ढिली झाली तिच्या. डॉक्टरला दाखवलं, काही न्हाई म्हणला."

उलगडा केला तो शेजारच्या रशीदाभाभींनी. त्यांचे मालक बसस्टँडवर फळांचा गाडा लावायचे. एके दिवशी त्या दारात येऊन म्हणाल्या, "सर, गुस्सा नका करू. पर तुमची अम्मा रोज दुपारी माझ्याकडं जेवती. आमचे हे गाडा घेऊन गेले, पोरं शाळेत गेली, की आमी दोघी चुलीपाशी बसतो. लई हसती, लई खाती."

सरांनी मायला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तू उपाशी पुढ्यात उभा ऱ्हातो आन् म्या खाती. घास उतरत न्हाई रे. चोरी केल्यावानी वाटतंय."

"मी एम. ए. झालेला माणूस, बाई. संस्कृती म्हंजे शिकलेलं वागणं, ही व्याख्या तोंडपाठ. पण ते शिकणं मायच्या घशापर्यंत गेलेलं असतं, हे मला कळलं न्हाई. म्या तिला घास न्हाई दिला, हुकूम दिला."

ते पुढं म्हणाले, "आमच्या लोकांनी धम्म घेतला तवा आज्यानं घरातले देव एका दिवसात पोत्यात भरून नदीला सोडलते. उपास गेले, नवस गेले, पोरांची नावं बदलली. पण जेवायचा क्रम जसाच्या तसा ऱ्हायला. देव कुणीतरी शिकवलेले होते, ते सोडायचं ठरवता आलं. हे कुणी शिकवलंच नव्हतं. मंग सोडायचं कसं?"

"मग तुम्ही काय केलं?"

"तिला माझ्या जागेवर आणता येईना, मंग मीच तिच्या जागेवर जाऊन बसलो."

सर शेवटी जेवायला लागले. आता माय हट्टाला पेटली. लेक जेवल्याशिवाय ती कशी जेवणार? दोन दिवस मायलेक चुलीपाशी एकमेकांकडे बघत बसून राहिले आणि मधे भाकरी गार होत राहिली. तिसऱ्या दिवशी मायनं वैतागून भाकरीचे दोन तुकडे केले, एक त्यांच्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि म्हणाली, "खा आता, मेल्या." सरांच्या पत्नी हे सगळं दारातून बघत होत्या. त्या आपलं ताट घेऊन आल्या. "मी एकटी काय पाव्हणी हाय का या घरात?" पुढं मुलं झाली ती या घोळक्यातच जेवायला शिकली. सगळेच शेवटी बसू लागल्यावर त्या घरात शेवटी कुणी उरलंच नाही.

"आन् डब्याचं म्हणाल तर," सर हसले, "सीताबाईच्या आधी आता मलाच घास उतरत न्हाई. मायचं शिकलो."

मी नाटक म्हणाले होते ते आठवलं आणि मान वर करवेना.

सरांना एक सल मात्र राहिली. वडील आजारी पडल्यावर माय वडगावला परतली, थोरल्या लेकाच्या घरी, आणि तिथं पुन्हा सगळ्यांच्या नंतर जेवू लागली. माजलगावची गोष्ट वेगळी, इथं गावात चारचौघांत माझी जागा हीच, असं तिचं म्हणणं. वडील गेल्यावरही ती तिथंच राहिली. सर दर पंधरा दिवसांनी जायचे आणि तिच्याबरोबर चुलीपाशी जेवून यायचे. "माझं एकच मागणं हाय, बाई. एकदा तिनं वडगावात, सगळ्या गावादेखत, पहिल्या पंगतीला बसून पोटभर खावं. चोरी केल्यावानी न्हाई. पण मी सांगणार न्हाई. एकदा सांगून बघितलंय."

पाच वर्षांपूर्वी सर निवृत्त झाले. त्यांच्या भावानं गावात जेवण ठेवलं, विहारापुढच्या मोकळ्या जागेत मांडव घालून. आम्ही कॉलेजातले सात-आठ जण जीप करून गेलो. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. पहिली पंगत पुरुषांची, अशी गावाची रीत. आम्ही पाहुण्या म्हणून आम्हा बायांना तिच्या टोकाला बसवलं होतं. सरांनी वरणाची बादली उचलली.

"आरं, तुझा सत्कार हाय आज. ठेव ती बादली," थोरले भाऊ म्हणाले.

"वाढू दे मला, दादा."

माय मांडवामागे कढईपाशी पुऱ्या मोजून टोपल्यात टाकत होती. पंच्याऐंशीच्या पुढची, पांढऱ्याशुभ्र केसांची, वाकलेली. सर तिकडे बघत होते आणि पुन्हा बादलीत बघत होते.

सरांची नात सुजाता तेव्हा पाच वर्षांची. पंगतीत बापाशेजारी बसली होती आणि आपल्या दुसऱ्या बाजूची पत्रावळ हातानं धरून ठेवली होती. एक पाहुणे तिथं बसायला गेले तर ओरडली, "इथं न्हाई! ही मोठ्या आजीची जागा हाय." त्यांना बिचाऱ्यांना उठावं लागलं. ती मांडवामागे पळाली आणि पणजीचा पदर धरून तिला ओढत घेऊन आली.

"लेकरा, म्या मागून जेवते."

"मंग मी बी मागून." तिचे डोळे भरले. पोर सकाळपासून उपाशी होती.

"बरं बाई, तुला दोन घास भरवते आन् उठते," म्हणून माय बसली. पुरी मोडली, घास पुढं केला, तर सुजातानं तोंड गच्च मिटलं. माजलगावला माय आली की दोघींचं एकाआड एक घास खायचं ठरलेलं असायचं. "आधी तू," ती म्हणाली.

सगळी पंगत थांबली होती. मायनं इकडेतिकडे पाहिलं, समोर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, थोरल्या लेकाकडे पाहिलं. त्या एका नजरेला जे उत्तर मिळेल त्यावर सगळं होतं. थोरल्यांनी मान खाली घातली. मग वर न बघताच म्हणाले, "खा ना माय. लेकरू उपाशी हाय."

तिनं तो घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि गिळला. मग सुजातानं तोंड उघडलं. पुढच्या दहा मिनिटांत म्हातारीनं तीन पुऱ्या खाल्ल्या आणि दुसऱ्यांदा भात मागितला. सर बादली घेऊन तिच्यासमोर उभे होते, पण वाढायचं विसरले होते. बादली कलली, वरण त्यांच्या सत्काराच्या पँटवर सांडत होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. मी तिथंच, सगळ्यांदेखत, पदरानं डोळे पुसले.

गंमत म्हणजे शेवटी बायकांची पंगत बसली तेव्हा माय पुन्हा त्यांच्यात जाऊन बसली आणि बुंदीचे दोन दाणे तोंडात टाकत राहिली. मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तेवढ्या जणींना सोडून ती कशी येईल? तिचं बरोबर हाय." दोन वर्षांनी ती गेली.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजातून निरोप आला की जुनी कपाटं रिकामी करायची आहेत. मीही आता निवृत्त. पण धावत गेले आणि ते लाल बस्ते रिक्षात घालून थेट सरांच्या घरी नेले. सर मधे बरेच आजारी होते. उजवा हात थरथरतो, बोलताना शब्दासाठी थांबावं लागतं. बस्ते बघून लहान मुलासारखे खुलले.

आम्ही पहिलाच बस्ता सोडला. सुजाता, आता दहा वर्षांची, येऊन खांद्यावरून डोकावली. तिनं एक पिवळा पडलेला कागद उचलला, ताटं मोजली. "आबा, यात आई कुठं हाय?"

"ती नंतर जेवायची, बाळा. सगळ्यांचं झाल्यावर."

"कावून?"

सरांनी बोलायला तोंड उघडलं.

"तिला भूक न्हाई लागायची का?"

"लागायची."

"मंग?"

सगळ्या तालुक्याच्या पोरांना कावून विचारून हैराण करणारा तो माणूस नातीपुढं गप्प बसला. मग हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. माझ्याकडे वळून, एकेक शब्द गोळा करत म्हणाला, "बघितलं का, बाई? हिला... समजतच न्हाई." पोर बोर्डात पहिली आल्याचं सांगावं तशा आनंदानं ते हे सांगत होते.

आतून जेवायची हाक आली. सून, मुलगा, वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी, सुजाता, मी, सगळे जमिनीवर गोल बसलो. भांडी मधे, ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं. सगळ्यांनी सुरुवात केली. सरांनी थरथरत्या हातानं भाकरी मोडली आणि घास तसाच धरून बसले.

"आबा, खा ना," सुजाता म्हणाली, "सगळे आले."

सरांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मग त्यांनी घास घेतला.